उलटा करून पाहिलेला सोफा

"काका, हा सोफा जरा उलटा करून दाखवता का?"

प्रश्न विचारून झाला आणि दुकानातला पंखासुद्धा थांबून ऐकतोय असं भिंगरीला वाटलं. पंखा खरं म्हणजे चालूच होता. थांबला होता तो तिचा श्वास.

आणि प्रश्न तरी तिचा कुठे होता? मधल्या सुट्टीत चष्मेवालीनं कुठून तरी ज्ञान आणलं होतं, की सोफ्याचं खरं रूप त्याच्या पोटाखाली कळतं, वरून काय, सगळेच गोरेगोमटे. त्यावर भिंगरी म्हणाली, मग उलटा करायला सांगायचं. त्यावर चष्मेवाली म्हणाली, सांगून दाखव. बाकीच्या मैत्रिणींनी "दाखव, दाखव" असा गजर केला. आता ज्या मुलीनं नुकतीच वक्तृत्व स्पर्धेची ढाल जिंकली आहे आणि त्या भरात "मी आता कुणाच्या बापाला घाबरत नाही" असं वर्गात जाहीर केलं आहे, तिला माघार घ्यायची सोयच उरत नाही.

कुणाच्या बापाला ती घाबरत नव्हती, हे खरं. प्रश्न तिच्या स्वतःच्या बापाचा होता. तो या क्षणी कोपऱ्यातला एक दिवा अशा काही बारकाईनं बघत होता, की जणू ही मुलगी त्याच्याबरोबर आलेलीच नाही.

त्यांच्या घरात घाबरणं हे रक्तगटासारखं होतं. बाबा दुकानदाराला घाबरत. एकदा चपलांच्या दुकानातल्या माणसानं खोकी उघडून उघडून त्यांच्याभोवती तटबंदी रचली, तेव्हा एवढ्या कष्टांनंतर काही न घेता उठणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी बोटं दुमडून एक जोड घेतला. तो जोड ते अजून रविवारी घालतात आणि सोमवारी लंगडतात. आईची भीती वेगळी. तिला कुणाचं मन दुखावण्याची भीती. ती भाजीवाल्याचे नासके टोमॅटोसुद्धा "जरा मऊ आहेत, पण रंग छान आहे" असं म्हणून घरी आणते. अशा जोडप्याच्या पोटी भिंगरीनं जन्म घ्यावा आणि एका अवाढव्य, शांत, चष्मा कपाळावर चढवलेल्या दुकानदाराला सोफा उलटा करायला सांगावा, हा निसर्गाचा चमत्कारच म्हणायचा. ओरडणारी माणसं एक वेळ परवडतात. शांत माणसाचं काही खरं नसतं, तो कधी ओरडेल ते कळत नाही.

तो ओरडला नाही. त्यानं हाताखालच्या माणसांना नुसती बोटानं खूण केली. त्यांनी तो मोठा थोरला, मखमली, डाळिंबी रंगाचा सोफा उचलला आणि चारही पाय वर करून ठेवला. सोफा पाठीवर पडलेल्या झुरळासारखा दिसू लागला. "अहो, राहू दे ना," असं आई पुटपुटली, पण दुकानदार ना तिची, ना सोफ्याची, कुणाचीच गय करायच्या बेतात नव्हता. त्यानं कात्री घेतली, तळाच्या काळ्या कापडाचा एक कोपरा उसवला आणि म्हणाला, "बघा."

भिंगरीनं वाकून बघितलं. आत अंधार होता. अंधारात लाकूड होतं, वाकड्यातिकड्या तारा होत्या आणि पट्टे होते. चांगलं पोट कसं असतं आणि वाईट कसं, हे मात्र चष्मेवालीनं सांगितलंच नव्हतं. भिंगरीनं स्पर्धेत शिकलेला विराम घेतला.

"लाकूड आहे," ती म्हणाली.

"आहे," दुकानदार म्हणाला.

"स्प्रिंगाही आहेत."

"आहेत."

"हं," ती म्हणाली. "ठीक आहे."

"आजवर असं कुणी बघितलं नव्हतं," दुकानदार म्हणाला. आईला हे कौतुक वाटलं, बाबांना टोमणा वाटला आणि भिंगरीला धमकी वाटली. मग सोफा पुन्हा सुलटा झाला आणि तो म्हणाला, "आता बसून बघा."

तिघं बसली. काठावर, गुडघ्याला गुडघा लावून, आईची पर्स तिच्या मांडीवर आणि बाबांचे हात त्यांच्या मांडीवर. समोर दुकानदार उभा. कुणीतरी पाणी आणून दिलं. पाणी पिताना बाबा मान हलवून म्हणाले, "घट्ट आहे." आई म्हणाली, "छानच घट्ट आहे." भिंगरीनं बुड जरासं वरखाली करून पाहिलं आणि तिलाही तो घट्टच लागला. शिवाय, एका माणसाला एवढा सोफा उलटा करायला लावून, कापड उसवायला लावून, वर त्याचं पाणी पिऊन, "बघू, कळवतो" म्हणून उठायची छाती या घराण्यात कुणाला होती? काउंटरमागं पाटी होती, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. बाबांनी ती मान लववून वाचली आणि सोफा घेतला.

सोफ्याचं निमित्त होते आजोबा, म्हणजे बाबांचे अण्णा. ते न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन नवीन सांधा बसला. तूर्त ते आत्याकडे होते आणि आता भिंगरीच्या घरी येणार होते. घरातला जुना सोफा असा खचला होता, की त्यावर बसलेल्या माणसाची नुसती मान दिसायची. तो भंगारात गेला. आजोबांना व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी बजावून सांगितलं होतं: बैठक गुडघ्यापेक्षा खाली नको, आणि आत रुतणारी तर मुळीच नको. खोल बैठकीतून उठायची धडपड केली, तर नवा सांधा निखळू शकतो. 'निखळू' हा शब्द भिंगरीच्या कानात असा जाऊन बसला होता, की शाळेच्या बाकाचा खिळा निखळला तरी ती दचके.

पुढचे काही दिवस मात्र तिनं भीती खुंटीला टांगून ठेवली, कारण शाळेत तिचा जयजयकार चालू होता. मैत्रिणींपर्यंत पोहोचेस्तोवर गोष्टीतला दुकानदार थरथर कापायला लागला होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला आपल्या दिवाणाची तब्येत बघायला बोलावलं. तिनं कोपरानं गादी दाबली, लाकडावर टकटक केलं, कान लावला आणि "अजून चालेल" असं सांगितलं. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. अनुभवकाका तेवढे रुसले. हे वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, प्रत्येक वाक्याची सुरुवात "माझ्या अनुभवावरून सांगतो" अशी करायचे, म्हणून हे नाव. त्यांनी बाबांना जिन्यात गाठून सगळी विद्या दिली होती: एक कोपरा उचलून बघा, दुसरा पाय लगेच उचलला गेला तर सांगाडा चांगला. फोम दाबून बघा, किती चटकन वर येतो. नाक लावून वास घ्या. यातलं एकही दुकानात कुणी केलं नाही, हे कळल्यावर ते म्हणाले, "मग माझा अनुभव काय लोणच्यात घालायचा?"

सोफा आला त्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो फाटकात अडवला. लिफ्टमध्ये अवजड सामान न्यायला बंदी. जिन्याला नवीन रंग, तिथून न्यायला लेखी परवानगी. परवानगी द्यायला सेक्रेटरींची सही, आणि सही करायला सेक्रेटरींना म्हणे अध्यक्षांचा होकार हवा. अध्यक्ष परगावी. बाबा अर्ज लिहीत होते, त्यात 'कृपया' हा शब्द प्रत्येक ओळीत येत होता. तोवर सोफा फाटकाशी उभा राहिला आणि वॉचमन त्यावर पाठ टेकून बसला. सेक्रेटरी समोर येऊन उभे राहिले तरी वॉचमन उठला नाही. सेक्रेटरींनी उद्धटपणाबद्दल त्याला सगळ्यांदेखत झाडलं. तो बिचारा नुसता लाल होऊन हात हलवत राहिला. भिंगरीला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

शेवटी अध्यक्षांनी फोनवर होकार दिला आणि सोफा जिन्यानं वर आला, रंगाला एक ओरखडाही न काढता. बाबांनी जाहीर केलं, की पहिला मान आजोबांचा. त्याआधी कुणीही बसायचं नाही. मग तिघंही नव्या सोफ्यासमोर जमिनीवर बसून जेवू लागली आणि सोफा त्यांच्याकडे मालकासारखा बघू लागला. बाबांनी आजोबांना फोनवर सांगितलं, की सोफा तुमच्या नातीनं निवडलाय, चक्क उलटा करून. आजोबांचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू आला: "तिनं बघितलाय ना? मग मी डोळे मिटून बसेन."

भिंगरी त्या रात्री हवेत तरंगत झोपली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. आजोबा उद्या यायचे होते. उन्हं सोफ्यावर पडली होती, मखमल चमकत होती. तिनं हळूच दप्तर ठेवलं आणि मनाशी म्हटलं, एकदाच. मग मैत्रिणी बघत असाव्यात अशा ऐटीत ती अंग झोकून मागे रेलली.

सोफ्यानं तिला गिळलं.

गिळलं म्हणजे अक्षरशः. बूड खाली गेलं, आणखी खाली गेलं, गुडघे हनुवटीपाशी आले, पाय अधांतरी लटकले. तिनं हात टेकले, हात रुतले. उठायला जोर लावला, तसा सोफा आणखी आत ओढू लागला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं आणि तिच्या कानात एकच शब्द वाजत होता. शेवटी ती कुशीवर वळली, गडगडत जमिनीवर पडली आणि तिथंच बसून सोफ्याकडे बघत राहिली. आपल्याला सुटायला लोळावं लागलं, आणि आपला खुबा तर जन्मापासून आपलाच आहे.

दुकानात तर हा असा नव्हता. बदलला, दुसरं काय? दुकानदारानं सूड उगवला. तिनं मोबाइलचा दिवा लावून सोफ्याखाली डोकं घातलं. काळ्या कापडाचा उसवलेला कोपरा तिथंच होता, जाड दोऱ्यानं घाईघाईत टाचलेला. सोफा तोच होता. सूडबीड काही नाही. ही भीती आधीच्या भीतीपेक्षा वाईट होती, कारण आता दोष द्यायला तिच्याशिवाय कुणीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात अनुभवकाका. रुसवा सोडून सोफा तपासायला आले होते. भिंगरी म्हणाली, आई-बाबा घरी नाहीत. ते म्हणाले, सोफा आहे ना? ती म्हणाली, पहिला मान आजोबांचा आहे. ते म्हणाले, "मी बसत नाहीये, मी परीक्षण करतोय," आणि बसले.

भिंगरीनं डोळे घट्ट मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तर काका मजेत बसलेले. काठावर. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. "घट्ट आहे की," ते काहीशा निराशेनं म्हणाले. तिला वाटलं, आपल्याला मघाशी भास झाला असावा. मग काकांना त्यांच्या जुन्या कोचाची गोष्ट आठवली. गोष्ट रंगात आली. आणि ऐन रंगात, हात पसरून, "माझ्या अनुभवावरून सांगतो," असं म्हणत ते मागे रेलले.

"सांगतो" हा शब्द त्यांनी पार खालून उच्चारला.

काकांचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटले होते. चेहऱ्यावर मात्र त्यांनी काहीही घडलं नसल्याचा भाव धरून ठेवला. "ऐसपैस आहे," ते म्हणाले. तिनं पाणी हवं का विचारलं. ते हो म्हणाले. पाणी झाल्यावर चहा हवा का विचारलं. तेही हो म्हणाले. चहा झाला. पेपर मागितला, तो वाचून झाला. जाहिराती वाचून झाल्या. काका काही उठेनात, आणि भिंगरीला एकदम फाटकातला वॉचमन आठवला, लाल झालेला, हात हलवणारा.

"काका, उठता येत नाहीये का?"

"येत नाही असं नाही," काका म्हणाले. मग थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, "जरा हात दे गं पोरी."

तिनं दोन्ही हात धरून ओढलं, तेव्हा कुठे ते बाहेर आले. केस विस्कटलेले, धाप लागलेली. दारापर्यंत जाऊन ते थांबले आणि म्हणाले, हे आपल्या दोघांत राहू दे. भिंगरीनं मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती सोफ्याच्या काठाकडे बघत होती. काठ घट्ट. आत विहीर. आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या दिवशीचं दुकान उभं राहिलं: आई, बाबा आणि ती, गुडघ्याला गुडघा लावून, पाण्याचे पेले हातात. सोफा उलटा करून, पोट फाडून बघितलं होतं तिनं. फक्त त्यावर बसली नव्हती. तिघांतलं कुणीच बसलं नव्हतं. त्या माणसासमोर पाठ टेकायची कुणाचीच हिंमत झाली नव्हती.

संध्याकाळभर तिनं उपाय केले. गादीखाली चित्रकलेचा बोर्ड घातला, तर बसल्यावर घसरगुंडी झाली. आजोबा घसरूनच तर पडले होते, त्यांना पुन्हा घसरायला सोफा कशाला हवा? उश्या रचल्या, त्या तोंड फिरवून पळाल्या. आई आल्यावर सांगायचं ठरवलं, तर आई येताच म्हणाली, "तुझ्यामुळं केवढं ओझं उतरलं गं माझ्या डोक्यावरचं." भिंगरी निमूट तिच्यासाठी पाणी आणायला गेली. जेवताना सांगायचं ठरवलं, तर बाबा सोफ्याकडे बघत असे काही हसले, की तिनं उगाच आणखी भात मागून घेतला. ढाल कपाटावर ठेवली होती. जिला भर सभागृहात बोलता येतं, तिला आपल्याच घरात एक वाक्य सापडत नव्हतं.

आजोबा सकाळी आले. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला बाबा, पुढ्यात वॉकर. खूप बारीक झाले होते. भिंगरीला बघून त्यांनी एक डोळा मिचकावला. खालच्या काकू, सेक्रेटरी, सगळे दारात गोळा झाले. अनुभवकाकाही आले होते आणि भिंगरीची नजर चुकवत होते. "हा तो उलटा केलेला सोफा," बाबा सगळ्यांना म्हणाले.

आजोबांनी ताईंनी शिकवल्याप्रमाणे सोफ्याकडे पाठ केली. पोटऱ्या काठाला टेकवल्या. एक हात मागं नेला. मग भिंगरीकडे बघून हसले आणि शब्द दिल्याप्रमाणे खरोखरच डोळे मिटले.

"थांबा" हा शब्द तिच्या तोंडून फुटायला हवा होता. फुटला नाही. आणि आजोबांचे गुडघे वाकायला लागले होते. तेव्हा तिनं आवाजाचा नाद सोडला. तिनं वॉकरच्या बाजूनं उडी घेतली आणि आजोबांच्या शेजारी, अंग झोकून, पाठ टेकून सोफ्यात आदळली.

धप्प.

आजोबा दचकून सरळ झाले. आईच्या तोंडून "अगं, आजोबांची जागा ती" एवढं बाहेर पडलं आणि पुढचं आतच राहिलं, कारण मुलगी खाली खाली चालली होती. गुडघे हनुवटीला लागले. वर फक्त वेणी आणि दोन घाबरलेले डोळे.

"बाबा," आतून आवाज आला, "मला बाहेर काढा."

बाबांनी ओढलं. आत्यानं ओढलं. सेक्रेटरींनी परवानगी वगैरे न मागता हात लावला. ती बाहेर आली तेव्हा बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते एकदा आजोबांकडे बघत, एकदा सोफ्याकडे.

"पण दुकानात तर घट्ट होता," ते म्हणाले.

"दुकानात आपण बसलोच कुठं, बाबा? काठावर टेकलो होतो. तिघंही. त्याला काय वाटेल म्हणून."

अनुभवकाका खाकरले आणि म्हणाले, माझ्या अनुभवावरून सांगतो, पोरगी खरं बोलतेय. हे त्यांनी ज्या धीरानं सांगितलं, त्याबद्दल भिंगरीनं त्यांना मनातल्या मनात ढाल दिली.

आईनं स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली. तिला उलटी करायची गरज नव्हती. आजोबा तिच्यावर बसले, हात टेकून एकदा उठून दाखवलं, पुन्हा बसले. मग भिंगरीला जवळ बोलावून म्हणाले, "मी असतो तर मीपण काठावरच बसलो असतो. तुझ्या बापानं ते माझ्याकडूनच उचललंय." आणि हसता हसता त्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

लोक पांगल्यावर खरी भीती सुरू झाली. बाबा म्हणाले, परत कसा करणार? पाटी आहे तिथं. आई म्हणाली, त्या माणसानं बिचाऱ्यानं उसवूनसुद्धा दाखवला. बाबा म्हणाले, राहू दे, अण्णांना खुर्ची आहे, आपण काठावर बसत जाऊ. आई म्हणाली, हो, काठ छानच आहे. दोघंही सोफ्याकडे पाठ करून, जमिनीवर, अगदी जवळजवळ बसली होती.

भिंगरी उठली. तो अवाढव्य, शांत माणूस कपाळावर चष्मा चढवून तिच्या डोळ्यांसमोर उभा होता. तरी ती खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली. आजोबांनी तिचा हात अजून सोडला नव्हता.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या आपण तिघंही त्या दुकानात जाणार. त्याच्याकडच्या प्रत्येक सोफ्यावर बसणार. पाठ टेकून, पाय पसरून, तो समोर उभा राहिला तरी. ज्यातून उठता येईल तो घेऊन येणार आणि हा तिथं ठेवणार. तो नाही म्हणाला तर बसून राहणार. घाबरायचं असेल तर घाबरा, मीपण घाबरणार आहे. पण या वेळी मागं टेकून घाबरायचं."